पत्रिकेत माझं नाव कुठे

तळा या आमच्या तालुक्याच्या गावात आणि आजूबाजूच्या पन्नासेक गावांत लग्न ठरलं की आधी मंडपवाला, मग बेंजोवाले आणि मग मी, असा क्रम असतो. मी पत्रिका छापतो. बाजारपेठेत बँकेच्या जिन्याखाली 'शिगवण ग्राफिक्स' अशी पाटी दिसेल. तो मी, परेश शिगवण. यंदा बावीस वर्षं झाली.

शहरात म्हणे हल्ली पत्रिका मोबाइलवर पाठवतात. दोन फुलं, दोन नावं आणि हॉलचा नकाशा. पाठवोत बापडे. आमच्याकडे पत्रिका म्हणजे मतदारयादी. वर कुलदैवत आणि ग्रामदैवत, त्याखाली घरातले गेलेले सगळे, मग राहिलेले सगळे. काका, मामा, आत्या, त्यांचे यजमान, साडू, जावई, मान असलेले आणि मान मागणारे. तळाला पोराटोरांची ओळ, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'. ज्यांच्या नावाने हे आमंत्रण असतं त्यांतलं एखादं अजून रांगतही नसतं.

यातलं एक नाव राहिलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एकदा धाकट्या आत्याचं नाव थोरलीच्या वर पडलं. थोरली लग्नाला आली, पण जेवली नाही, आणि आपण जेवलो नाही हे ती पुढे चार वर्षं सांगत राहिली. म्हणून माझा नियम आहे. घरातल्या सगळ्यांना बसवून प्रूफ तीनदा मोठ्याने वाचायचं, ज्याचं लग्न त्याची खाली सही घ्यायची आणि मगच मशीन सुरू करायचं. कुणाला कुठे बसवलं की कुणाचं तोंड वाकडं होत नाही, यात तालुक्यात माझा हात धरणारा नाही.

तर अशा मला यंदा एक नाव कुठे टाकायचं ते कळेना. नाव माझंच होतं.

लग्न प्रांजलीचं. प्रांजली ही माझ्या बायकोची, केसरची, पहिल्या लग्नाची मुलगी. तिचे वडील हिराजी मांडवकर ती अकरा वर्षांची असताना आजारपणात गेले. माझीही पहिली बायको गेलेली आणि पदरात कुलदीप. दहा वर्षांपूर्वी केसरचं नि माझं लग्न झालं तेव्हा कुलदीप तीन वर्षांचा होता आणि प्रांजली चौदाची. कुलदीपने पहिल्या आठवड्यातच केसरच्या मांडीत बूड टेकून तिला 'आई' करून टाकलं. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याने कुणाला विचारलंही नाही.

प्रांजलीचं तसं नव्हतं. पहिलं वर्षभर ती मला काहीच म्हणत नसे. मी समोर बसलेला असताना, "आई, विचार ना, भात वाढू का?" मग मीही तसाच, "केसर, सांग तिला, थोडाच." वर्षभर बिचाऱ्या केसरने चार फुटांच्या अंतरात टपाल वाटलं. मग 'काका' आलं आणि काकाच्या पाठोपाठ सभ्यपणा आला. सभ्यपणा चांगला असतो, पण घरात फार झाला की जीव गुदमरतो. आईशी ती कडाकडा भांडायची, दारं आपटायची, कुलदीपला टपल्या मारायची. माझ्याशी मात्र "चालेल काका", "थँक्यू काका", "तुम्ही म्हणाल तसं काका".

एकदा मी पडवीतली तिची गंजलेली सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. ती तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली होती, हे मला मागाहून कळलं. ती शाळेतून आली, रिकामा कोपरा बघितला, चेहरा पांढरा पडला, आणि म्हणाली, "असू दे काका, जुनीच होती." केसरने दिली असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मी दोन दिवस भांडणाची वाट पाहिली. ते काही आलं नाही.

या फेब्रुवारीत तिचं ठरलं. मुलगा उरणचा, राहुल, बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर. पोरगा बरा आहे, फक्त दर वाक्यात 'ॲक्च्युअली' म्हणतो. लग्न मे महिन्यात आणि तेही मांडवकरांच्या दारात, असं सदूदादांनी आधीच सांगून टाकलं. सदूदादा हे हिराजींचे थोरले भाऊ. तळ्यापासून सात किलोमीटरवर त्यांचं गाव, तिथे भातशेती आणि घरात म्हातारी आई, बायजा. केसरने दुसरं लग्न केलं तरी या घराने तिला आणि प्रांजलीला तोडलं नाही. सणावाराला बोलावणं असतं, मलाही असतं. मला ते 'शेठ' म्हणतात. दुकानदाराला शेठ म्हणणं आमच्याकडे मानाचं खरं, पण नात्यातल्या माणसाला कुणी शेठ म्हणत नाही.

एका रविवारी पत्रिकेचा मजकूर ठरवायला मी, केसर आणि कुलदीप त्यांच्याकडे गेलो. प्रांजली माणगावला एका लॅबमध्ये कामाला आहे, तिला सुट्टी नव्हती. ओटीवर सतरंजी अंथरलेली. दादा सांगत होते, मी वहीत लिहीत होतो.

"कैलासवासी हिराजी धोंडू मांडवकर यांची कन्या, आन सदू धोंडू मांडवकर यांची पुतनी," दादांनी सुरुवात केली आणि मग दीड तास गाडी थांबलीच नाही. मुंबईच्या चुलत्यांचे व्याही आले. ज्या जावयाशी चार वर्षं बोलणं नाही तोही आला, कारण न बोलणं वेगळं आणि पत्रिका वेगळी. शेवटी पोरांची ओळ आली.

"कुलदीपचा नाव पयला टाका," दादा म्हणाले. "भाव हाय तो तिचा."

"मला 'यायचं हं' नको," कुलदीप पुटपुटला. "मी तेरा वर्षांचा आहे." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही आणि मी त्याचं नाव लिहिलं.

मग दादा खाकरले. "आन शेठ, तुमचा नाव कुटं टाकायचा?"

मी वहीकडे बघत राहिलो. निमंत्रकांत टाकावं तर तिथे सगळी मांडवकरांची भावकी. 'विशेष सहकार्य' म्हणावं तर तिथे मंडपवाला आधीच बसलेला.

"मामांच्यात टाकला तर?" दादांनी विचारलं.

"मामा म्हणजे माझा भाऊ ना?" केसर म्हणाली. दादांनी जीभ चावली.

"बापाच्या जागी टाका की," केसर सरळच बोलली.

दादांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "तितं हिराजी हाय, केसर," ते हळू म्हणाले. "त्येचा आता तेवडाच ऱ्हायलाय."

भावाचं नाव पुसट होईल अशी भीती वाटणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? मी वही मिटली आणि हसून म्हणालो, "दादा, कशाला घोळ घालताय? माझं नाव आहेच की पत्रिकेत. अगदी खाली. 'डिझाइन व छपाई : शिगवण ग्राफिक्स, तळा', मोबाइल नंबरासकट."

सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने हसले, सुटल्यासारखे. आम्ही तिघं मोटारसायकलवरून घरी आलो. दारात उतरल्यावर केसर म्हणाली, "मोठेपणा केलात ना, आता तोंड पाडून बसू नका."

मी अर्थातच तोंड पाडून बसलो. माझा मुलगा तिचा भाऊ, माझी बायको तिची आई, आणि मी त्या घराचा छापखाना. खरं सांगायचं तर तो मोठेपणा नव्हताच, रुसवा होता. 'असं कसं चालेल' असं कुणीतरी म्हणावं, अशी माझी इच्छा होती. केसर म्हणाली, पण केसर माझीच. जिने म्हणायला हवं होतं ती माणगावला रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती, आणि तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. तिने "तुम्ही म्हणाल तसं काका" म्हटलं असतं तर ते मला सोसलं नसतं.

म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझा नियम मोडला. प्रूफ कुणाला वाचून दाखवलं नाही. खाली माझीच सही ठोकली आणि सहाशे पत्रिका छापून मोकळा झालो. गुलाबी कागद, सोनेरी कडा, कामात खोट काढायला जागा नव्हती.

बुधवारी दुपारी बचत गटाच्या रंगूताई बॅनर करून घ्यायला आल्या होत्या. कमळ घ्यावं की मोर, हे त्यांचं ठरत नव्हतं. तेवढ्यात प्रांजली आत आली. एसटीतून उतरून थेट आलेली, खांद्याला बॅग, हातात गुलाबी पत्रिका. केसरने तिच्या मैत्रिणींसाठी पाठवलेल्या गठ्ठ्यातली असावी.

"प्रूफ कुणाला वाचून दाखवलं?" तिने विचारलं. काका नाही, काही नाही.

"अगं, घरचंच काम, म्हणून..."

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"लग्न तुमचं आहे का?"

रंगूताईंनी कमळाचा नमुना खाली ठेवला आणि स्टूल ओढून बसल्या.

"आख्ख्या तालुक्याला तीनदा वाचून दाखवता," प्रांजली म्हणाली, "आणि मला एकदाही नाही?"

"तुझं नाव बरोबर आहे, राहुलचं आहे, तारीख, मुहूर्त..."

"तुमचं कुठंय?"

मी बोटाने शेवटची ओळ दाखवली.

"तो फोन नंबर आहे," ती म्हणाली.

"हे बघ, दादांचंही चूक नाही. त्यांच्या भावाची जागा आहे ती. आणि मला वाटलं, तुला उगाच अवघडल्यासारखं..."

"मला वाटलं, मला वाटलं. दहा वर्षं तुम्हाला नुसतं वाटतंय. विचारता कधी? सायकल भंगारात दिलीत तेव्हाही तुम्हाला वाटलंच होतं."

सायकल आली. इतक्या वर्षांनी, भर दुकानात, रंगूताईंच्या साक्षीने. आणि सायकलच्या मागोमाग बाकीचंही आलं. बारावीनंतर काय करायचंय ते मी तिला आईमार्फत विचारलं होतं. तिच्या बक्षीस समारंभाला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि फोटोच्या वेळी बाहेर जाऊन चहा प्यायलो होतो. तिच्या हातच्या आमटीत मी वरून मीठ घेतो, आईच्या आमटीत घेत नाही. आणि मी घोरतो, इतका की पलीकडच्या खोलीत तिने कानात कापूस घालून परीक्षांचा अभ्यास केला, पण दहा वर्षांत एक अक्षर बोलली नाही.

दुसरा कुणी असता तर खाली मान घालून बसला असता. मला मात्र आत कुठेतरी इतकं बरं वाटत होतं की ती थांबू नये असंच वाटत होतं. पण मीही काही संत नाही.

"मग बोलायचं होतंस," मी आवाज चढवला. "मी अडवलं होतं? उठता बसता थँक्यू काका, चालेल काका. मी काय सरकारी अधिकारी आहे? आईशी भांडतेस, माझ्याशी कधी भांडलीस?"

"तुमच्याशी कशी भांडणार?" ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "एक गेले होते. मी काही बोलले आणि तुम्हीही निघून गेलात तर? आई पहिल्यांदा हसायला लागली होती. मी ठरवलं होतं, तुम्हाला काही म्हणजे काही बोलायचं नाही."

दहा वर्षं जे मी परकेपण समजत होतो ते एका चौदा वर्षांच्या मुलीचं मला धरून ठेवणं होतं. आणि मी इकडे रुसून सहाशे पत्रिका छापल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

"मग आता बोललीस ती?" मी कसंबसं म्हणालो.

"आता कुठे जाणार तुम्ही, या वयात?" तिने डोळे पुसले आणि खुर्ची ओढली. "उघडा ती फाइल. लिहा."

ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. कैलासवासी हिराजी धोंडू मांडवकर, आणि सौ. केसर व श्री. परेश शिगवण, यांची कन्या. ओळ लांबली, पानात बसेना. अक्षर लहान करतो म्हटलं तर तिने नकार दिला. तिने खालची छपाईची ओळ काढायला लावली. "मुलीच्या बापाने पत्रिकेवर दुकानाची जाहिरात करायची नसते," ती म्हणाली. रंगूताईंनी मान डोलावली.

"पण दादा?" मी विचारलं.

तिने तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, तुजा खरा हाय. पन लोकं काय म्हनतील? एका पोरीला दोन बाप कसं?"

पलीकडे काहीतरी खडखडलं आणि बायजाचा आवाज आला, इतका जवळून की तिने फोन गिळलाय असं वाटावं. "दोन कुटं? एक व्हता, एक हाय."

"आये, तसा न्हाय..."

"हिराजी माजा पोर हाय, त्याचा नाव त्याच्या जागी ऱ्हावंल, त्याला कोन हात लावत न्हाय. पन पोरगी दारातनं निगंल तवा रडंल. तवा तिला धराया हिराजी येनार हाय का?"

दादा पलीकडे दोनदा खाकरले. मग दादा म्हणाले, "टाका मंग," आणि फोन बंद झाला.

प्रांजली उठली, बॅग खांद्याला लावली. "आणि ऐका, हाक काही मी बदलणार नाही हां काका. तोंडात बसलीय."

"कुणी सांगितलंय बदलायला?" मी म्हणालो. "आणि आमटीत मीठ खरंच कमी असतं." ती जाताना दुकानाचं दार आपटून गेली.

नव्या पत्रिका शनिवारी तयार झाल्या. आमच्याकडे पत्रिका नुसती पाठवून भागत नाही. मुलीच्या बापाने अक्षता घेऊन दारोदार जायचं असतं, नाहीतर ते बोलावणं धरत नाहीत. आधीच्या बेतात दादा एकटेच जाणार होते. सोमवारी सकाळी आठ वाजता ते माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले, काखेत पिशवी, डोक्याला टॉवेल. आत यायला तयार नाहीत. "चला," एवढंच म्हणाले. एप्रिलचं ऊन, दादांच्या गावात साठ घरं आणि प्रत्येक घरी चहा. मी दुकानाला कुलूप लावून निघालो.

गावात एसटीतून उतरल्यावर दादा पिशवी माझ्याकडे देऊन पुढे चालू लागले. त्यांना हे मनापासून पटलंय की आईपुढे मान तुकवलीय, ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमतही नव्हती. मी पिशवी धरून मागे मागे चालत होतो.

पहिलं घर शकूमावशीचं. गावात सगळ्यांत वयस्कर म्हणून पहिला मान तिचा. तिने दोरा बांधलेला चष्मा लावला, पत्रिका उन्हाकडे धरली आणि एकेका नावावर बोट ठेवत वाचत गेली. एका ओळीवर बोट थांबलं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग दादांकडे.

"ह्ये तर पत्रिका छापनारं शेठ न्हवं?" ती म्हणाली. "ह्ये कशापायी आलं तुज्यासंगती?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. केसरचं नाव घ्यावं, कुलदीपचं घ्यावं, कुठून सुरुवात करावी ते कळेना. दादांनी टॉवेलने मान पुसली आणि माझ्याआधी तेच बोलले.

"बाप हाय पोरीचा," ते म्हणाले. "बाप न्हाय येनार तर कोन येनार बोलावना कराया? बस रे परेश. शकूमावशे, पानी आन आदी, लय ऊन हाय."

मी बसलो. शकूमावशीने तांब्या आणून हातात दिला. मला दादांकडे बघवेना, म्हणून मी तोंड वर करून पीत राहिलो, आणि तांब्या रिकामा झाल्यावर लक्षात आलं की पाणी दोघांसाठी होतं.